वाचनालयात दोन गिटार

महाराष्ट्रात आवाजावरून वाद पेटतो तो मिरवणुकीतल्या डीजेवरून, प्रार्थनास्थळांवरच्या भोंग्यांवरून नाहीतर लग्नाच्या वरातीवरून. न्यायालयाचे निकाल, पोलिसांच्या नोटिसा, मंडळांच्या तक्रारी हे सगळं मोठ्या आवाजाभोवती फिरतं. या गदारोळात एका माणसाचा विचार कुणीच करत नाही. तो म्हणजे वाद्य शिकणारा. त्याला गर्दी नको असते, मंडप नको असतो. रोज तास-दोन तास तेच तेच चुकतमाकत वाजवायला जागा हवी असते, आणि नेमकी तीच त्याला मिळत नाही.

भोर तालुक्यातल्या भोंगवलीसारख्या गावात हा प्रश्न शहराइतकाच खरा आहे. गाव म्हटलं की मोकळं रान डोळ्यांसमोर येतं. पण गावठाणातली घरं एकमेकांना खेटून असतात, दोन बिऱ्हाडांत मिळून एकच भिंत असते आणि वर पत्रा. पुणे-सातारा महामार्गाच्या या पट्ट्यातली तरुण मंडळी शिरवळ आणि खेड शिवापूरकडच्या कारखान्यांत पाळीने कामाला जातात. रात्रपाळी करून आलेला दुपारी झोपलेला असतो, पहाटे धारा काढणारा नऊला आडवा होतो. फेब्रुवारी उजाडला की बारावीची आणि मग दहावीची परीक्षा येते. अशा घरात दोन मित्र गिटार घेऊन बसले की चौथ्या मिनिटाला कुणीतरी 'बंद करा रे ते' म्हणतं, आणि त्यात त्या माणसाची काहीच चूक नसते.

कायदाही त्या माणसाच्या बाजूने आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. रात्रीच्या बंदीत लाउडस्पीकर आणि ध्वनिवर्धकासोबत वाद्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. सवलत आहे ती मुख्यतः सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आत होणाऱ्या वापरापुरती. खासगी जागेतल्या आवाजाने हद्दीवर मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जायचं नाही, असाही नियम आहे. लोखंडी तारांची साधी अकूस्टिक गिटार मन लावून वाजवली तर मीटरभर अंतरावर सत्तर-ऐंशी डेसिबल सहज होतात. पत्र्याच्या खोलीत दोन गिटार म्हणजे शेजाऱ्याच्या संयमाची परीक्षाच.

यावर एक उपाय आहे, तोही हाताशी असलेला: दोन इलेक्ट्रिक गिटार, दोन हेडफोन आणि दोघांचा आवाज एकत्र करून दोघांच्याही कानांत पोहोचवणारी एक छोटी जोडणी. खोलीत ऐकू येते ती फक्त तारांची बारीक खणखण, दार लावलं की शेजारच्या खोलीत तीही जाणवत नाही. वाजवणाऱ्यांच्या कानांत मात्र भरगच्च सूर असतो. अशी जोडणी घराघरांत होईल तेव्हा होईल, पण तिची सुरुवात गावच्या वाचनालयात व्हावी, असं या लेखाचं म्हणणं आहे.

वाचनालयात गिटार ही कल्पना ऐकताना विचित्र वाटेल. मात्र गावात शांतता पाळली जाते अशी सार्वजनिक जागा बहुधा तीच एक असते. तिथे कपाट असतं, कुलूप असतं, नोंदवही असते आणि वस्तू घेऊन परत करायची शिस्त असते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये कायदा १९६७चा. त्या कायद्याच्या आधाराने राज्यात अ, ब, क, ड वर्गांच्या अनुदानित ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं, पार खेड्यापर्यंत. अनेक ठिकाणी आता वाचक कमी झाल्याची तक्रार आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना त्या दारातून पुन्हा आत आणायचं असेल, तर त्यांच्या आवडीचं काहीतरी तिथे असायला हवं.

हेडफोनवर वाजवण्याच्या कल्पनेमागची माणसं नवी नाहीत. अमेरिकेत मिलवॉकी शहरातल्या जॉन कॉस यांनी १९५८ साली संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन बाजारात आणले आणि दुसऱ्याला त्रास न देता गाणं ऐकायची सोय झाली. वाजवणाऱ्याला तशी सोय मिळायला आणखी बराच काळ गेला. बोस्टन या रॉक बँडचे गिटारवादक टॉम शोल्झ मुळात अभियंते. त्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रॉकमन नावाचा पट्ट्याला अडकवायचा हेडफोन अँप काढला. यामाहाने २००१ मध्ये पोकळ पेटीच नसलेली सायलेंट गिटार आणली. आज व्हॉक्सचा अँपप्लग थेट गिटारच्या जॅकमध्ये खोचता येतो आणि खिशात मावतो. एकट्याने, कुणालाही न उठवता वाजवायची सोय अशी झाली. दोघांनी मिळून वाजवायचं म्हटलं की मात्र अडचणी सुरू होतात, आणि बहुतेक मुलं तिथेच नाद सोडतात.

पहिली अडचण विजेच्या भाषेतली आहे. गिटारचा पिकअप हा चुंबकाभोवती गुंडाळलेल्या बारीक तारेचा. त्यातून निघणारा संकेत फार अशक्त असतो आणि त्याला साधारण १० लाख ओहम रोध असलेला इनपुट लागतो. हेडफोनचा रोध असतो बहुधा ३२ ओहमच्या आसपास. त्यामुळे गिटारमध्ये हेडफोन थेट खुपसला तर नुसती कुजबुज ऐकू येते. मधे अँप हवाच.

मग एक शक्कल लढवली जाते. वाय आकाराची पिन आणायची, दोन्ही गिटार एकाच अँपमध्ये घालायच्या. यात दोन्ही पिकअप एकमेकांवर भार टाकतात आणि आवाज बोथट होतो. त्याहून वाईट म्हणजे एकाने आपल्या गिटारचं व्हॉल्यूम शून्यावर नेलं की सहसा दुसऱ्याचाही आवाज जातो, कारण शून्यावरची कळ संकेत सरळ जमिनीला जोडते आणि आता दोघांचा संकेत एकच झालेला असतो. गिटार बिघडली समजून ती दुरुस्तीला नेली जाते. बिघाड असतो फक्त जोडणीत.

स्वस्तातली बरोबर जोडणी अशी करता येते. दोघांसाठी खिशातले दोन हेडफोन अँप घ्यायचे, पण बाहेरून गाणं आत घेण्याचा ऑक्स इनपुट असलेलेच. पहिल्याच्या अँपमधून हेडफोनकडे जाणारा आवाज एका छोट्या वायरने दुसऱ्याच्या ऑक्समध्ये न्यायचा. दुसऱ्याच्या अँपमध्ये आता दोन्ही गिटार एकत्र झाल्या. त्याच्या हेडफोनच्या जागी दोन तोंडांचा स्प्लिटर लावला की दोघांना तेच मिश्रण ऐकू येतं. दोन्ही हेडफोन एकाच प्रकारचे घ्यावेत, नाहीतर एकाला मोठं आणि दुसऱ्याला बारीक ऐकू येतं.

वाचनालयासाठी मात्र थोडी टिकाऊ जोडणी हवी. तिचा कणा म्हणजे लॅपटॉपला जोडायचा आणि गिटार थेट लावता येतील असे दोन इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस, आणि त्यापुढे चार जणांना वेगवेगळा आवाज कमी-जास्त करता येईल असा हेडफोन अँप. चार तोंडांचे असे साधे अँप नव्या शिकाऊ गिटारपेक्षा महाग नसतात. इंटरफेसऐवजी छोटा मिक्सरही चालतो. फक्त अनेक स्वस्त मिक्सरवर गिटारसाठीचा इनपुट एकच असतो. दुसरी गिटार मग इफेक्ट पेडलमधून किंवा डीआय बॉक्समधून, म्हणजे गिटारचा संकेत मिक्सरला जुळवून देणाऱ्या छोट्या पेटीतून, आणावी लागते. हे खरेदीच्या आधी पाहिलं नाही तर पैसे वाया जातात.

इंटरफेसवर थेट ऐकण्याची कळ असते आणि तिथेही अनेक जण अडखळतात. ती स्टिरिओवर ठेवली की एक गिटार पूर्ण डाव्या कानात आणि दुसरी पूर्ण उजव्या कानात जाते. दोन्ही मधोमध आणायच्या तर कळ मोनोवर न्यावी लागते. सगळ्यात उत्तम म्हणजे सॉफ्टवेअरमधून एकीला जराशी डावीकडे आणि दुसरीला जराशी उजवीकडे बसवणं. दोन माणसं शेजारी बसून वाजवताहेत असं मग कानाला वाटतं, आणि चुकलं कोण हेही लगेच कळतं.

इलेक्ट्रिक गिटारचा कच्चा आवाज हेडफोनमध्ये मधमाशीसारखा टोचतो, विशेषतः डिस्टॉर्शन लावल्यावर. गिटार अँपचा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचे सूर जवळपास गाळून टाकतो. हेडफोन तसं काही गाळत नाही. म्हणून स्पीकरच्या पेटीची नक्कल करणारं कॅबिनेट सिम्युलेशन सुरू ठेवावं. ते नसेल तर ट्रेबल बराच खाली आणावा. या एका गोष्टीअभावी 'हेडफोनवर गिटार वाईटच वाजते' असा गैरसमज पसरला आहे.

ब्लूटूथचे हेडफोन मात्र या कामाला अजिबात घेऊ नयेत. आजच्या मुलांकडे तेच असतात, म्हणून हे ठासून सांगायला हवं. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, आणि त्याचा चौथा हिस्सा १२५चा. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. म्हणजे बोट तारेवर पडतं आता आणि सूर येतो पाव ठोक्यानंतर. लय कशी धरणार? वायरच्या जोडणीत हा प्रश्न राहत नाही. संगणकातून गेलेला आवाजसुद्धा नीट मांडणी केली तर १० मिलिसेकंदांच्या आत परत येतो. हवेतून आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हा उशीर अँपपासून तीनेक मीटरवर उभं राहण्याइतकाच.

२०२०च्या टाळेबंदीत हाच धडा हजारो संगीत शिक्षकांना मिळाला. व्हिडिओ कॉलवर शिकवता आलं, एकत्र वाजवता आलं नाही. गुरूच्या ठेक्यावर शिष्याने वाजवायला सुरुवात केली की गुरूला ते मागे पडलेलं ऐकू यायचं, म्हणून गुरू थांबायचा, आणि शिष्य आणखी मागे जायचा. शेवटी बहुतेकांनी एकेकाने वाजवून दाखवण्याचा मार्ग धरला. एकत्र वादनाला एकच खोली लागते, हे त्या काळात पुरतं स्पष्ट झालं. म्हणून दोन मित्रांनी आपापल्या घरी बसून फोनवरून वाजवावं, हा या प्रश्नावरचा उपाय नव्हे.

गावातल्या विजेचाही विचार केला पाहिजे. अर्थिंग नीट नसेल तर गिटारमधून सतत घुंई ऐकू येते, आणि तारांना हात लावला की ती बदलते. इन्व्हर्टर, पंख्याचा रेग्युलेटर, एलईडीचे स्वस्त दिवे यांच्याजवळ एका वेटोळ्याचा पिकअप जास्तच कुरकुरतो. बसण्याची दिशा बदलली तरी फरक पडतो. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवला की आवाज बहुधा निवळतो. बॅटरीवर चालणारी जोडणी वीज गेल्यावरही सुरू राहते, हा भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यात छोटा फायदा नाही. पण मुळात वाचनालयाच्या त्या एका प्लगला खरं अर्थिंग करून घेणं हे पहिलं काम. ते फक्त गिटारसाठी नाही, वायरला हात लावणाऱ्या मुलांच्या जिवासाठी.

जोडणी झाली की खरं काम सुरू होतं, ते ऐकण्याचं. दोन गिटारची सूरकक्षा एकच असते. दोघांनी तेच कॉर्ड त्याच जागी धरून झोडपले तर हेडफोनमध्ये नुसता चिखल होतो. एकाने खालचे उघडे कॉर्ड धरावेत. दुसऱ्याने पाचव्या किंवा सातव्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून तेच सूर वरच्या जागी घ्यावेत, किंवा दोन-तीन तारांवरच वाजवावं. दोघांनी एकाच ट्यूनरवर सूर लावावा. एकाची तार ४४० हर्ट्झला आणि दुसऱ्याची ४४२ला असली की सेकंदाला दोनदा आवाज हेलकावतो. मोकळ्या खोलीत ते निसटतं, हेडफोनमध्ये लपत नाही. ठेक्यासाठी मोबाइलवरचा मेट्रोनोम किंवा तबला त्याच मिक्सरमध्ये सोडता येतो. बोलण्यासाठी एक साधा माइकही जोडावा. तो नसेल तर हेडफोन घातलेली मुलं एकमेकांशी ओरडून बोलतात आणि शांततेचा सगळा खटाटोप फुकट जातो.

कानांचा धोका खरा आहे आणि तो झाकून ठेवता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते: ८३ला २० तास, ८६ला १०. दोन गिटारवादक एकत्र बसले की प्रत्येकाला आपलाच आवाज जरा वर हवा असतो. एकाने वाढवला की दुसरा वाढवतो, आणि अर्ध्या तासात दोघांचे कान बधिर होतात. म्हणून दुसऱ्याची गिटार ऐकू येत नसेल तर आपली खाली आणायची, हा नियम वाचनालयाने भिंतीवर लिहून लावावा. मुख्य कळीला कमाल खूण करून चिकटपट्टी मारावी. तासाभराने दहा मिनिटं कान मोकळे ठेवावेत.

यावर एक आक्षेप हमखास येतो: संगीत ही चारचौघांत ऐकायची गोष्ट, आणि ही पोरं आधीच कानांत बोंडं घालून जगापासून तुटलेली. आक्षेप घेणाऱ्यांची काळजी समजण्यासारखी आहे, पण तिचा रोख चुकतो. एकटा मुलगा कानांत गाणं घालून बसतो तेव्हा तो फक्त ऐकत असतो. इथे दोघं एकाच जोडणीवर बसून एकमेकांना उत्तर देत असतात. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी १९६०च्या दशकात 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका केली. त्यात काब्रांची गिटार संतूर आणि बासरीच्या शेजारी बसली, ती एकमेकांना ऐकण्याच्या बळावर. ती सवय एकट्याच्या रियाजातून लागत नाही. समोर दुसरा वाजवणारा असावा लागतो.

आक्षेपातला एक भाग मात्र मान्य करायला हवा. हेडफोनवर फार काळ वाजवलेला हात हळवा होतो. खोली कशी बोलते, श्रोत्यांपर्यंत सूर कसा जातो, कुठे जोर द्यायचा, हे मोकळ्यावर वाजवूनच कळतं. म्हणून वाचनालयातला सराव महिन्यातून एकदा शाळेच्या पटांगणात किंवा देवळाच्या सभामंडपात, दिवसाउजेडी आणि गावाच्या संमतीने, सगळ्यांना ऐकवला जावा. गावच्या भजनी मंडळासोबत एखादा अभंग गिटारवर धरून पाहावा. पखवाज आणि टाळ यांच्यासमोर आपली लय किती पक्की आहे, ते मुलांना तिथेच कळेल.

खर्चाचं गणितही अवघड नाही. इलेक्ट्रिक गिटार मुलांच्या स्वतःच्या असतील किंवा गावाबाहेर स्थिरावलेल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या घरात पडून असतील. पुण्यामुंबईत कॉलेजात घेतलेल्या आणि नोकरी लागल्यावर कपाटावर गेलेल्या गिटार कमी नाहीत. नव्याने घ्यायचं ते इंटरफेस किंवा मिक्सर, चार तोंडांचा हेडफोन अँप, वायरवाले बंद कपाचे दोन हेडफोन आणि चांगल्या केबल. केबलमध्ये काटकसर करू नये, कारण सगळ्यात आधी त्याच तुटतात. गावातल्या कुणाला सोल्डरिंग येत असेल तर त्याला या कामात सुरुवातीपासून घ्यावं. ६.३५ मिलिमीटरचा जॅक पुन्हा जोडायला दहा मिनिटं लागतात, आणि मुलंही ते शिकतात.

गावाने संगीतावर आजवर जो खर्च केला, तो बहुतेक कार्यक्रमावर: स्पीकर, स्टेज, पाहुणा कलाकार. कार्यक्रम एका रात्रीत संपतो. सरावाची जागा वर्षभर चालते, आणि पुढच्या कार्यक्रमाचे कलाकार तिथूनच येतात. यात्रेच्या वर्गणीतला अगदी छोटा हिस्सा या कामाला लावला तर यात्रेचं काही कमी होणार नाही.

भोंगवली आणि आसपासच्या गावांतल्या ग्रंथालय समित्यांनी, शाळांच्या व्यवस्थापन समित्यांनी आणि ग्रामपंचायतींनी या शैक्षणिक वर्षात निदान एक जोडणी उभी करून पाहावी. संध्याकाळचे दोन तास ठरवावेत, नोंदवही ठेवावी, अर्थिंग तपासून घ्यावं आणि सुरुवात एका जोडीपासून करावी. ज्यांच्या घरी कुणी न वाजवणारी इलेक्ट्रिक गिटार पडून आहे, त्यांनी ती तारा बदलून गावच्या वाचनालयात नेऊन द्यावी.